ओलं उत्तर

"तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगा," भूषण म्हणाला. आवाजाला त्यानं जमेल तेवढं साहेबी वळण दिलं होतं.

समोर त्याची बायको केतकी बसली होती. दोघांच्या मध्ये स्वयंपाकघरातलं टेबल, टेबलावर उभा केलेला फोन, आणि मागे गॅसवर दूध. दूध ठेवताना केतकीनं डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या मनगटावर बांधलं होतं. ही तिची जुनी खोड. काहीही तात्पुरतं चालू किंवा बंद केलं की घड्याळ उजव्या हातात जायचं, आणि ते पूर्ववत केलं की परत डाव्या. ऑफिसात सर्व्हरचा एखादा भाग बंद ठेवला तरी हेच, घरात पाण्याची मोटार लावली तरी हेच. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात भूषणच्या आईनं त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सूनबाई डावखुरी आहे का रे? बघताना कुणी बोललं नाही." आई आता नव्हती, पण तिचा हा प्रश्न घरात अजून थट्टेला निघायचा.

"माझ्या हातून मोठी चूक झालेलीच नाही," केतकी म्हणाली.

"असं उत्तर चालत नाही."

"माहीत आहे रे. पण नाही झाली त्याला मी काय करू?"

तिनं उठून गॅस बंद केला आणि घड्याळ डाव्या हातात घेतलं. ती चुका करत नसे, हीच तिची अडचण होऊन बसली होती.

सर्व्हर सांभाळायचं बहुतेक काम एव्हाना यंत्रंच करू लागली होती. दुरुस्ती तीच करायची, राखणही तीच करायची. पण बिघाड होऊन कुणाचं नुकसान झालं, तर यंत्राला कोर्टात उभं करता येत नाही. म्हणून कायद्यानं प्रत्येक यंत्रणेमागे एक हाडामांसाचा सिस्टिम अ‍ॅडमिन नेमणं सक्तीचं केलं होतं. वेळ आली की पुढे होऊन "माझं चुकलं" म्हणणारा माणूस. कंपन्यांना हुशार माणूस नको होता असं नाही, पण त्याआधी अंगावर घेणारा हवा होता. म्हणून मुलाखतीत बाकी प्रश्न तोंडी लावायला असायचे. खरा प्रश्न एकच, भूषणनं आत्ता विचारलेला.

आणि मुलाखत घ्यायची 'पारख'. पारख ही एक यंत्रणा होती आणि तिच्यामागचं शास्त्र तसं सोपं होतं. घडलेली गोष्ट आठवताना मेंदू ती वाचून दाखवत नाही, तो ती नव्यानं मांडतो. ज्या खोलीत ती घडली तिथं दार डावीकडे असेल, तर सांगताना नजर नकळत डावीकडे जाते. एखादा वास, एखादा आवाज आठवण्याच्या क्षणभर आधी डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. वाक्य मधेच अडतं, कारण शब्दाच्या आधी चित्र दिसलेलं असतं. पाठ केलेल्या उत्तरात यातलं काही होत नाही. हा फरक साध्या कॅमेऱ्यानं आणि साध्या माइकनं मोजता येतो असं सिद्ध झालं, आणि थापा मारून नोकरी मिळवायचे दिवस संपले. घडलेल्या आठवणीतून आलेल्या उत्तराला उमेदवार 'ओलं' म्हणायचे, आणि पाठ केलेल्याला 'कोरडं'. सरावासाठी पारखची एक धाकटी आवृत्ती फोनवर मिळायची. उत्तर ओलं असलं की पडद्यावरची पट्टी गडद निळी व्हायची, कोरडं असलं की पांढरी पडायची.

केतकीनं सुरुवातीला एक चूक रचून सांगून पाहिली होती. पट्टी कोऱ्या कागदासारखी पांढरी राहिली. मग एका खऱ्या मुलाखतीत तिनं खरीखुरी गोष्ट सांगितली, हॉस्पिटलमधली. उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत ओलं गेलं आणि तरी नकार आला. शेरा होता: उमेदवार दोष इतरांवर ढकलतो.

दोष दुसऱ्याचाच होता, हे भूषणला तिच्याइतकंच माहीत होतं.

नाशिकच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात केतकी सिस्टिम अ‍ॅडमिन होती. दोन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. त्या दिवशी जो तो आपापल्या हत्यारांची पूजा करतो, भूषण आपल्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात पकडी आणि हातोड्या मांडतो, तशी हॉस्पिटलात सर्व्हरची पूजा व्हायची. रॅकला झेंडूचे हार, हळदीकुंकवाची बोटं, पुढे पाटावर निरांजन. केतकीचे वरिष्ठ पाठारे साहेब पूजेला बसले, पण एसीच्या झोतापुढे निरांजन काही केल्या टिकेना. ट्रस्टींना फोटो पाठवायचा होता आणि फोटोत ज्योत तर हवी. "साहेब, निरांजन बाहेर लावू, एसी नको बंद करायला," केतकी म्हणाली होती. साहेबांनी भिंतीवरचा रिमोट काढला आणि एसी बंद केला. आरतीत पीकपीक नको म्हणून तापमानाचा गजरही आपल्या फोनवरून मुका केला. केतकीनं मुकाट्यानं घड्याळ उजव्या हातात घेतलं.

आरती झाली, फोटो झाला. साहेब म्हणाले, "केतकी, ट्रस्टींच्या केबिनमध्ये पेढे देऊन ये. एसी मी लावतो." ती घुटमळली. मग साहेबांनी काम स्वतःकडे घेतलंय म्हटल्यावर तिनं घड्याळ डाव्या हातात घेतलं आणि पेढ्यांचा बॉक्स उचलला. साहेब फोटो पाठवत पाठवत बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं. आत गरम होत होत एकेक यंत्र स्वतःला बंद करत गेलं.

तिसऱ्या मजल्यावर वसंत अहिरे नावाचे शिंपीकाम करून थकलेले एक गृहस्थ होते. त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं वाढलंय, हे लॅबला दिसलं होतं. लॅबनं रिपोर्ट पाठवला. पाठवला म्हणजे पोचला, असं सगळ्यांनी धरून चाललं. रिपोर्ट त्या बंद खोलीत अडकून राहिला आणि अहिरे गेले.

पूजेच्या वेळी सर्व्हरच्या खोलीत दोघंच होते. कॅमेरा होता, पण त्याचं चित्रण साठवणारं यंत्रही त्याच रॅकवर होतं, तेही गेलं, आणि गजर मुका केल्याची नोंदही. त्या संध्याकाळी केतकी घरी आली, पर्ससकट स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि हे सगळं तिनं भूषणला सांगितलं. त्यातलं "एसी मी लावतो" हे वाक्य तर ती चार वेळा म्हणाली.

पुढे अहिऱ्यांची मुलगी कविता घरी आली होती. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर असलेली, रोखून बघत बोलणारी. "ताई, मला भरपाई नको," ती म्हणाली. "माझ्या बापाला कुणाच्या हलगर्जीनं मारलं, तेवढं नाव मला पाहिजे."

"चौकशी लागेल तेव्हा मी सांगेन," केतकी म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय ते सांगेन. शब्द देते."

चौकशी रखडली. हॉस्पिटलनं सगळं काम बाहेरच्या कंपनीला दिलं, पाठारे साहेब तिथंच सल्लागार झाले, आणि केतकी घरी बसली. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव, असं भूषण त्या काळात ज्याला त्याला सांगत सुटला होता.

*

कॉलेज रोडवरचे गांगुर्डे सर आधी मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. आता ते मुलाखतीचा सराव घ्यायचे. त्यांनी केतकीचं बोलणं ऐकून घेतलं, पट्टी बघितली, आणि खूश झाले.

"मॅडम, तुमच्याकडे माल आहे," ते म्हणाले. "लोकांकडे घटनाच नसते. तुमच्याकडे घटना आहे, फक्त त्यात चूक तुमची नाही."

"मग?"

"मग ती करून घ्यायची."

सरांनी समजावून सांगितलं. आठवण म्हणजे कपाटात घडी करून ठेवलेली साडी. आपण तिला बाहेर काढतो, उलगडतो, बघतो आणि परत घडी घालून ठेवतो. पण घडी दर वेळी जुन्याच रेषेवर पडते असं नाही. उलगडलेली असताना आठवण काही तास मऊ असते, आणि त्या वेळात तिच्यात काही घातलं तर ते धरून ती परत घट्ट होते. मेंदू जुनी प्रत वेगळी काढून ठेवत नाही. शेवटची घडी तीच खरी घडी. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं. सरांनी त्याचा क्लास काढला, इतकंच.

"नवीन काही रचायचं नाही, रचलं की कोरडं जातं," सर म्हणाले. "खोली तीच, झेंडू तेच, साहेब तेच. रिमोट कुणाच्या हातात, तेवढंच बदलायचं. फक्त हात बदला."

केतकी म्हणाली, "सर, त्या प्रकरणाची चौकशी व्हायचीय अजून. तिथं मला खरं सांगायचंय. शब्द दिलाय मी."

"सांगा की. खरं काय ते तुम्हाला माहीत आहे ना? माहीत असलेलं कुठे जातंय?"

जुनी प्रत राहत नाही, हे याच माणसानं नुकतंच सांगितलं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही. केतकीनं भूषणकडे पाहिलं. तो नको म्हणाला असता तर ती उठली असती, हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण घरी बसून ती दिवसेंदिवस विझत चालली होती, दुपारी अंधार करून पडून राहायची, आणि ते त्याला बघवत नव्हतं.

"नाटकात रामाचं काम करणारा घरी येऊन वनवासाला निघतो का?" तो म्हणाला. केतकी हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून भूषणला आपण बोललो ते फारच शहाणपणाचं वाटलं.

*

घरच्या सरावाला घरचा परीक्षक लागतो असं सरांचं म्हणणं होतं. भूषण दुकान बंद करून यायचा, हात धुवायचा आणि टेबलाशी बसायचा. आधी ते तयारी करायचे. टेबलावर झेंडूची फुलं, साजूक तुपाचं निरांजन, खोलीतला एसी अगदी गार करून ठेवलेला. निरांजन फडफडायला लागलं की केतकीनं हात पुढे करून रिमोट उचलायचा आणि एसी बंद करायचा. मग भूषण प्रश्न विचारायचा. सरांची सक्त ताकीद होती की एसी बंद करताना घड्याळ बदलायचं नाही. सुरुवातीला तिचा हात आपसूक मनगटाकडे जायचा. भूषण "अंहं" म्हणायचा आणि ती हात मागे घ्यायची.

पहिल्या आठवड्यात तिच्या उत्तरातलं रिमोटचं वाक्य आलं की पट्टी पांढरी पडायची. आधीचं निळं, नंतरचं निळं, मधे पांढरा तुकडा. भूषण म्हणायचा, "रिमोटचं वजन सांग. बटण कसं होतं?" ती डोळे मिटायची. "बटण थोडं आत गेलेलं होतं," ती एकदा म्हणाली. तो त्यांच्या घरच्या रिमोटचा दोष होता. पण पट्टी निळी झाली, आणि भूषणनं टेबलावर थाप मारून शाबासकी दिली.

तुकडा लहान होत गेला. मग नाहीसा झाला. गांगुर्डे सरांनी वर्गात सगळ्यांना केतकीचं उत्तर ऐकवलं. उत्तर खरोखरच ऐकण्यासारखं झालं होतं. "साहेब नको म्हणत होते," ती सांगायची. "मीच म्हटलं, दोन मिनिटांनी काय होतंय. तुपाचा वास येत होता. मी रिमोट घेतला..." इथं ती थांबायची, नजर डावीकडे दाराशी जायची. "साहेब म्हणाले, आठवणीनं परत लाव. मी पेढे घेऊन गेले आणि विसरले. माझं चुकलं."

मुलाखतीला आठवडा उरला असताना कविताचा फोन आला. चौकशी समिती एकदाची नेमली गेली होती, तारीख लवकरच कळणार होती. केतकी तिच्याशी हळू आवाजात बोलली, हो हो म्हणाली आणि फोन ठेवून तशीच बसून राहिली.

"तिला कुठल्या तोंडानं सांगू रे," ती म्हणाली, "की माझ्या हातून झालं म्हणून?"

भूषणनं टेबलाकडे पाहिलं. टेबलावर झेंडू नव्हता, निरांजन नव्हतं. पारख बंद होती. सराव चाललेलाच नव्हता.

तिला हलवून विचारायला हवं होतं, क्लास तिथंच सोडायला हवा होता. त्यानं मनाशी हिशेब मांडला की मुलाखत होऊन जाऊ दे, मग निवांत बसू आणि सगळं नीट करू. उलगडलेली साडी परत पहिल्या घडीवर आणायला कितीसा वेळ लागतो? आणि तो म्हणाला, "वाढायला घे, भूक लागलीय."

नोकरी केतकीला मिळाली. मालवाहतूक करणारी मोठी कंपनी होती. पारखनं तिच्या उत्तराला इतके गुण दिले होते की कंपनीचा माणूस स्वतः फोन करून म्हणाला, "मॅडम, असा प्रामाणिकपणा हल्ली बघायला मिळत नाही." भूषणनं दुकानात पेढे वाटले. केतकीनं एक खाल्ला आणि उरलेल्या बॉक्सकडे बघून ती रडली. पेढे बघून ती आता नेहमीच रडत असे.

*

चौकशीच्या आधीच्या रविवारी भूषणनं तिला समोर बसवलं.

"केतकी, नीट ऐक. एसी पाठाऱ्यांनी बंद केला होता. तू नाही."

"हे तू परवापण म्हणालास."

"म्हणालो, कारण ते खरं आहे. तू त्याच संध्याकाळी इथं, या फरशीवर बसून मला सांगितलं होतंस. 'एसी मी लावतो' असं साहेब म्हणाले, असं तू चारदा म्हणालीस."

केतकी त्याच्याकडे मायेनं बघत राहिली. त्या बघण्यानं तो आणखीच घाबरला.

"सांगितलं असेन," ती म्हणाली. "तू किती भेदरला होतास त्या दिवशी, मला आठवतंय ना. आपल्या माणसापुढे कोण पटकन कबूल करतं? टाकलं असेल साहेबांवर ढकलून."

"अगं आपण क्लास लावला होता! सरांनी हात बदलायला सांगितला होता!"

"सरांनी मला कबूल करायला शिकवलं. क्लास लावला नसता तर मी आयुष्यभर त्या माणसालाच दोष देत बसले असते."

भूषणनं मग झेंडू आणला, निरांजन लावलं आणि उलटा सराव सुरू केला. रिमोट त्यानं स्वतःच्या हातात घेतला, पाठाऱ्यांसारखा बोलला, एसी बंद केला, आणि तिला आपल्या मागून ते वाक्य म्हणायला लावलं. केतकी त्याच्या समाधानासाठी म्हणाली. "एसी साहेबांनी बंद केला." पट्टी पांढरी. "साहेब म्हणाले, एसी मी लावतो." पांढरी. पहिल्या आठवड्यात जो तुकडा पांढरा होता तो आता गडद निळा होता, आणि जे खरं होतं ते कोरडं ठणठणीत पडलं होतं.

"बघ," ती म्हणाली. "खोटं आहे ते. मला खोटं बोलायला नको लावूस, भूषण. त्या मुलीला शब्द दिलाय मी."

तो गांगुर्डे सरांकडे गेला. सरांनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. "महिने लागतील, आणि लागूनही होईलच असं नाही," ते म्हणाले. "तिथं मूळ आठवणीचा धागा शिल्लक हवा. तुमच्या मिसेसनी फारच मनापासून केलं हो." मग दारापर्यंत सोडायला येऊन म्हणाले, "आणि घरचा परीक्षकही चांगला होता."

*

सरकारी समित्यांनी साक्षीपुराव्यासाठी पारखच घेतली होती. जी यंत्रणा नोकरी देताना खरंखोटं ओळखते, तिनं न्याय देताना का ओळखू नये, असा साधा विचार त्यामागे होता.

आधी पाठारे साहेब बसले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. "एसी केतकीनं बंद केला," ते म्हणाले. "मी तिला म्हटलं होतं, आठवणीनं परत लाव. अजून डोळ्यांसमोर आहे माझ्या." समितीच्या मोठ्या पडद्यावर पट्टी निळी झाली. भूषण मागच्या बाकावर बसून बघत होता. त्याला वाटलं होतं हा माणूस इथं तरी उघडा पडेल. पण पाठाऱ्यांनी हीच गोष्ट दोन वर्षं ट्रस्टींना, वकिलांना, बायकोला आणि आरशाला सांगितली होती. त्यांना क्लास लावावा लागला नव्हता. काही लोकांचं शिक्षण घरबसल्या आणि फुकटात होतं.

मग भूषणला विचारलं. त्यानं फरशीवरची संध्याकाळ सांगितली, क्लासचंही सांगितलं. त्याचंही उत्तर ओलं गेलं. अध्यक्ष म्हणाले, "पत्नीनं तुम्हाला असं सांगितलं, एवढं सिद्ध होतं. तिनं तुम्हाला सांगितलेलं खरं होतं का, ते तिलाच विचारू."

केतकी खुर्चीत ताठ बसली.

"एसी कुणी बंद केला?"

तिची नजर डावीकडे गेली, जिथं त्या खोलीचं दार होतं. ती थांबली. तुपाचा वास आला असणार. "बटण थोडं आत गेलेलं होतं," ती म्हणाली. "मी बंद केला. मीच विसरले. साहेबांचा काही दोष नाही." पडद्यावरची पट्टी इतकी गडद झाली की समितीतला एक सदस्य पुढे वाकून बघू लागला.

आत गेलेलं बटण. भूषणला उठून ओरडावंसं वाटलं की ते बटण आमच्या घरचं आहे. तो ओरडलाही. त्याला शांत बसायला सांगण्यात आलं, आणि नवराच तो, त्याला वाटणारच, अशा नजरेनं सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात कविता अहिरे उभी होती. केतकी तिच्यासमोर जाऊन थांबली आणि मान खाली घातली. कवितानं हात जोडले.

"तुम्हाला माफ नाही करू शकत मी," ती म्हणाली. "पण शब्द दिला होता, पाळलात. निदान तुम्ही तरी खरं बोललात."

पलीकडे पाठारे साहेब वकिलाशी बोलत जिन्याकडे गेले. कवितानं त्यांना वाट करून दिली. बाप कुणी मारला ते तिला कळलं होतं, म्हणजे तिला तसं वाटत होतं, आणि यापुढे ती कुणालाही विचारणार नव्हती. भूषणला त्या दिवसातलं हेच सगळ्यात जास्त लागलं.

केतकीवर निष्काळजीपणाचा खटला उभा राहिला. कुठल्याही हॉस्पिटलात काम करायला तिला कायमची बंदी झाली. कंपनीनं मात्र तिला काढलं नाही. उलट पगारवाढ दिली. काहीही बिघडलं, कुणाच्याही हातून बिघडलं, तरी "मी" म्हणणारं माणूस आयतं मिळाल्यावर त्याला कोण सोडतंय?

*

खंडेनवमी आली. भूषणनं दुकानात पकडी, हातोड्या आणि तार गुंडाळायचं यंत्र पुसून मांडलं. केतकी घरून पूजेचं ताट घेऊन आली. झेंडू तिला सोसेना झाला होता म्हणून त्यानं शेवंती आणली होती. निरांजन लावलं, तर डोक्यावर पंखा गरगरत होता आणि ज्योत काही धरेना.

"पंखा बंद कर गं," तो बोलून गेला, आणि बोलल्यावर त्यानं जीभ चावली.

केतकीचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती उठली, बटणापाशी गेली, पंखा बंद केला. आणि परत येता येता, स्वतःच्याही नकळत, तिनं डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून उजव्या मनगटावर बांधलं.

आरती होईपर्यंत भूषणची नजर त्या घड्याळावरून हलली नाही. त्याला वाटलं, इतके दिवस जे शोधत होतो ते हे. आरती संपताच ती उठली, पंखा लावला आणि घड्याळ परत डाव्या हातात घेतलं.

"केतकी," तो म्हणाला. "हे घड्याळ. तू त्या दिवशी एसी बंद केला असतास, तर घड्याळ उजव्या हातात गेलं असतं. मग तू विसरलीच नसतीस. तू विसरणं शक्यच नाही."

तिनं मनगटाकडे पाहिलं. डोळ्यांची बाहुली किंचित मोठी झाली. त्याला आशा वाटली.

"म्हणून तर रे," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी विसरले, म्हणून तर ही सवय लावून घेतली मी. तेव्हापासून एकदाही चुकले नाही."

भूषणला आई आठवली. सूनबाई डावखुरी आहे का रे? पाण्याची मोटार, पहिला महिना, ओल्या पदरानं हात पुसत दारात उभी राहिलेली आई. ही आठवण आता जगात त्याच्या एकट्याकडे होती. केतकीला विचारलं असतं तर तिच्याजवळ याचंही उत्तर असतं, आणि तेही ओलं असतं.

केतकीनं त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. भूषणनं तो तोंडात टाकला आणि काही विचारलं नाही. प्रश्न विचारायचं काम त्यानं पुष्कळ केलं होतं.